विष ओळखणारा जिवाणू आणि आपली द्रव्यपरीक्षा



काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यानंतर आम्ही आमच्या लहानशा निर्माणशाळेसाठी पुनर्नवेचे एक पोते विकत घेतले. माल स्वच्छ, मुळांसह नीट वाळवलेला होता. रूप, रस व गंध या परीक्षांत तो उत्तम उतरला. नमुना प्रयोगशाळेकडे पाठविला; परंतु अहवाल येण्यास आठवडा होता आणि चिकित्सालयातील चूर्ण संपत आले होते. अहवालाची वाट न पाहता आम्ही अर्धे पोते दळले व आठ रुग्णांना चूर्ण दिले. अहवाल आला तेव्हा त्यात शिशाचे प्रमाण ग्राह्य मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघाले. चौकशीअंती कळले की ती घेटुळी चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने आणि एका जुन्या भंगार-गोदामाच्या आवारातून उपटलेली होती.

आठही रुग्णांच्या घरी जाऊन आम्ही पुड्या परत घेतल्या. त्यांतील एक गृहस्थ वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, आमच्याकडे तपासणीची चिठ्ठी लागल्याशिवाय बोल्टसुद्धा पुढच्या टेबलावर जात नाही. तुमच्याकडे औषध कसे गेले?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

द्रव्यातील दोष लवकर, स्वस्तात आणि आपल्या दारातच ओळखता येईल काय, या विचारात असताना एका विद्यार्थी-संघाच्या कार्याची माहिती आमच्या वाचनात आली. या विद्यार्थ्यांनी एका जिवाणूची अशी रचना केली की पाण्यात आर्सेनिक, म्हणजे आपल्या परिभाषेतील सोमलाचे मूलद्रव्य, असल्यास त्याने रंगाद्वारे सूचना द्यावी. हा जिवाणू कसा कार्य करतो, आपल्या व्यवसायास त्याचा उपयोग कितपत आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन या लेखात करीत आहोत.

जिवाणू आणि औषध : पिंपरीचा वारसा

सूक्ष्मजीवांकडून काम करून घेणे आपणांस नवे नाही. आसव-अरिष्टांच्या संधानात धातकीपुष्पे घालताना आपण किण्वांनाच आमंत्रण देत असतो. आपल्या पिंपरीत तर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या शासकीय कारखान्याची स्थापना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पुढे याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे आहे. आपल्या गावाचे नाव अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे कोरले गेले.

तेथे निसर्गात सापडलेल्या जीवातून उत्तम वाण निवडून वाढविण्याचे काम होते. प्रस्तुत विषयात त्याही पुढचे पाऊल आहे. येथे जिवाणूच्या अंगी नसलेला व्यवहार त्याच्या जनुकांची नव्याने जुळणी करून घडविला जातो. या शाखेस संश्लेषणात्मक जीवशास्त्र असे म्हणतात.

स्पर्धेचे स्वरूप

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे जानेवारी २००३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासवर्ग झाला. २००४ साली पाच विद्यापीठांच्या संघांची त्यातून स्पर्धा झाली आणि पुढे तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. 'आयजेम' या नावाने ती ओळखली जाते. आज जगभरातून तीनशेहून अधिक संघ तीत भाग घेतात आणि २०२२ पासून तिचा वार्षिक मेळावा पॅरिस येथे भरतो. पुण्यातील पाषाण येथील आयसर या संस्थेच्या विद्यार्थ्यांचे संघही या स्पर्धेत उतरले आहेत.

स्पर्धेचे मूळ सूत्र आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांस सहज उमजेल. भोसरीच्या एका शेडमध्ये तयार झालेला भाग चाकणला जोडल्या जाणाऱ्या गाडीत बिनचूक बसतो, कारण दोघांचे माप आधीच ठरलेले असते. त्याचप्रमाणे डीएनएचे ठराविक तुकडे दोन्ही टोकांना एकाच मापाचे करून ठेवले, तर कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता यावा, अशी ही कल्पना आहे. या तुकड्यांना 'बायोब्रिक' असे नाव आहे. विद्यार्थ्यांना अशा भागांचा संच मिळतो. त्यांतून एखाद्या प्रश्नाचे उत्तर जुळवायचे व नवे भाग इतरांसाठी जमा करायचे, असा नियम आहे.

यातून कधी गंमतीच्या, तर कधी गंभीर कल्पना साकार झाल्या. २००६ साली एमआयटीच्या संघाने नेहमी दुर्गंधी असणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला वाढीच्या काळात गंधपुऱ्याचा आणि वाढ थांबल्यावर केळ्याचा वास देण्यास लावले. गंधपुरा तेलाचा मुख्य घटक मिथिल सॅलिसिलेट हा आपल्या वेदनाहर तेलांतील परिचित पदार्थच होय. २००९ साली बंगळूरूच्या एका संघाने पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा गंध जिवाणूकडून निर्माण करण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी केंब्रिजच्या संघाने जिवाणूंना निरनिराळे डोळ्यांना दिसणारे रंग निर्माण करण्यास लावून स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मिळविला. त्यामागील हेतू असा होता की, विष ओळखणाऱ्या जिवाणूचे उत्तर कोणत्याही यंत्राविना साध्या डोळ्यांनी वाचता यावे. आपल्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे कार्य स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाच्या २००६ च्या संघाचे आहे.

विष ओळखणारा जिवाणू कसा कार्य करतो

गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगाल व बांगलादेशात, कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याने लक्षावधी लोक बाधित झाले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मर्यादा अब्ज भागांत १० भाग, म्हणजे १० पीपीबी, इतकी सूक्ष्म आहे. एवढे अल्प प्रमाण खेड्यातील माणसास कसे कळावे, हा एडिंबराच्या विद्यार्थ्यांपुढील प्रश्न होता.

त्यांनी निसर्गाचीच युक्ती उसनी घेतली. ई. कोलाय जिवाणूत आर्सेनिकापासून बचाव करणारी एक यंत्रणा जन्मतःच असते. एक नियामक प्रथिन डीएनएच्या विशिष्ट स्थानी द्वारपालासारखे बसून पुढील जनुके बंद ठेवते. आर्सेनिक पेशीत शिरले की ते या प्रथिनाला चिकटते, द्वारपाल आपली जागा सोडतो, आणि विष बाहेर फेकणाऱ्या पंपाची जनुके जागी होतात. धोका नसताना ऊर्जा वाया जाऊ नये, यासाठी ही सोय आहे.

विद्यार्थ्यांनी या द्वारपालाच्या पुढे पंपाऐवजी दुग्धशर्करेचे विघटन करणाऱ्या किण्वकाचे जनुक जोडले. परिणामी आर्सेनिक असेल तरच जिवाणू द्रावातील दुग्धशर्करा पचवून आम्ल निर्माण करू लागतो. विरजण लागलेले दूध आंबते, तीच ही क्रिया. फरक इतकाच की येथे विरजणाला आर्सेनिकाच्या परवानगीवाचून कामास लागता येत नाही. द्राव आंबला की त्यात मिसळलेला दर्शक रंग बदलतो. हळदीला चुना लागताच ती कुंकवासारखी लाल होते, हे आपण जाणतोच. येथे तसाच बदल आम्लाच्या दिशेने घडतो. सुमारे ५ पीपीबी आर्सेनिकासही त्यांचा जिवाणू काही तासांत प्रतिसाद देतो, असे या संघाने दाखविले.

मूळ आराखडा याहून चतुर होता. पाणी निर्दोष असल्यास जिवाणूने युरियापासून अमोनिया निर्माण करून द्राव क्षारीय करावा, मध्यम दोषात तो उदासीन राहावा आणि तीव्र दोषात आम्ल व्हावा, अशी तिहेरी योजना होती. प्रत्यक्षात सिद्ध झाला तो आम्लाचा भाग. तथापि या योजनेत दडलेली सावधगिरी ध्यानात घेण्याजोगी आहे. जिवाणूने "दोष नाही" हे उत्तरही उघड द्यावे; त्याच्या मौनाला निर्दोषतेचे प्रमाणपत्र मानू नये.

आपल्या व्यवसायाशी संबंध

ज्या वर्षी हे विद्यार्थी काम करीत होते, त्याच २००६ च्या जानेवारीपासून आपल्याकडे निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी आयुष विभागाच्या आदेशाने अनिवार्य झाली. त्यास पार्श्वभूमी होती डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. त्या अभ्यासावर आपल्यांपैकी अनेकांनी रोष व्यक्त केला. रसौषधी व वनस्पतिज औषधी यांत भेद केला नाही, हा आक्षेप रास्तही होता. परंतु वनस्पतिज म्हणून विकलेल्या चूर्णात शिसे कोठून आले, हा प्रश्न त्या आक्षेपाने सुटत नाही. आमच्या पुनर्नवेच्या पोत्याने तो आमच्याच दारात आणून ठेवला.

आयुर्वेदीय औषधिकोशानुसार वनस्पतिज द्रव्यांत शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग या मर्यादा आहेत. आता आर्सेनिकाचे गणित पाहू. ३ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम द्रव्यात ३ मायक्रोग्रॅम. असे एक ग्रॅम द्रव्य १०० मिलिलिटर पाण्यात उकळले व सर्व आर्सेनिक पाण्यात उतरले असे मानले, तर त्या पाण्यात त्याचे प्रमाण ३० पीपीबी होईल. ५ पीपीबी ओळखणाऱ्या जिवाणूस ते कळावयास हवे. म्हणजे केवळ संवेदनक्षमतेचा विचार केला तर हे साधन आपल्या कामास पुरेसे सूक्ष्म आहे.

आमचा प्रसंग शिशाचा होता आणि हा जिवाणू आर्सेनिकाचा, हे खरे. परंतु पारा ओळखणारी व शिसे ओळखणारी नियामक प्रथिनेही निसर्गात आहेत. शिशाची यंत्रणा एका धातुसहिष्णू जिवाणूत सापडली आहे. द्वारपाल बदलला की तेच यंत्र दुसऱ्या धातूसाठी जुळविता येते.

मर्यादा : आपण फसू नये अशी स्थळे

येथे उत्साहास आवर घालणे आवश्यक आहे. पाण्यासाठी घडविलेला जिवाणू क्वाथात तसाच वागेल असे नाही. पुढील चार अडचणी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, आपली अनेक द्रव्ये जिवाणुनाशक आहेत. हरीतकी वा निंबाच्या क्वाथात संवेदक जिवाणूच दुर्बल झाला वा मेला, तर रंग बदलणार नाही आणि दोषयुक्त माल निर्दोष भासेल.

दुसरी, आमलकी, चिंच यांसारखी अम्ल द्रव्ये जिवाणूच्या साहाय्यावाचूनच दर्शक रंग बदलतील आणि निर्दोष माल दोषी ठरेल. शिवाय मंजिष्ठा वा दारुहरिद्रेच्या गडद क्वाथात दर्शकाचा रंग दिसणेच कठीण.

तिसरी, जिवाणूस केवळ विरघळून पेशीत शिरलेले आर्सेनिक कळते. हरताल व मनःशिला ही आर्सेनिकाची गंधकयुक्त खनिजे पाण्यात फारच अल्प विरघळतात. त्यांचे कण चूर्णात असूनही जिवाणू स्वस्थ राहू शकेल. प्रयोगशाळेत मात्र नमुना तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून धातूचे एकूण प्रमाण मोजतात. उलटपक्षी आर्सेनिकाचा हा द्वारपाल अँटिमनीनेही हलतो. म्हणजे अंजनाच्या संपर्कातील नमुना आर्सेनिकयुक्त भासू शकेल.

चौथी अडचण कायद्याची आहे. जनुकीय बदल केलेला जिवाणू हा पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येतो. संस्थेची जैवसुरक्षा समिती व त्यावरील केंद्रीय समित्यांच्या मान्यतेवाचून तो हाताळता येत नाही. एडिंबराच्या कल्पनेवर पुढे अनेक संशोधकांनी काम केले, निरुपद्रवी जिवाणूच्या सुप्त बीजाणूंचा उपयोग करून बंद कुपीतील संच योजला. तरी असा जीव प्रयोगशाळेबाहेर नेण्याच्या परवानगीचा प्रश्न मार्गात उभा राहिलाच. जो जीव घराघरांत जाणार, त्याच्याविषयी शासनाने सावध असणे आम्हांस योग्यच वाटते. कोणी व्यापारी असा संच परवान्यावाचून देऊ करील, तर तो नाकारावा.

रसौषधींचा प्रश्न

काही वैद्यमित्रांनी आम्हांस विचारले की, हा जिवाणू भस्मातील वा रसकल्पातील धातू "शरीरास बाधक नाही" हे सिद्ध करू शकेल काय. आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. समीरपन्नग रस किंवा श्वासकुठार रस यांच्या नमुन्यावर जिवाणू मौन राहिला, तर त्याचा अर्थ इतकाच की त्या परिस्थितीत त्याच्या पेशीत पुरेसे आर्सेनिक शिरले नाही. जठरातील आम्ल, आंत्र व यकृत यांतून मनुष्यदेहात काय घडते, याविषयी तो काहीच सांगत नाही. अशा मौनाचा प्रचारासाठी उपयोग करणे म्हणजे रुग्णाची व स्वतःची फसवणूक होय.

तीक्ष्ण विषही युक्तीने योजिल्यास उत्तम औषध होते आणि औषधही दुर्योजित झाल्यास तीक्ष्ण विष होते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण वारंवार उद्धृत करतो. पाश्चात्त्य वैद्यकातही आर्सेनिक ट्रायऑक्साइडला रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगासाठी २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु ती निश्चित मात्रा, रुग्णालयीन देखरेख व वारंवार तपासण्या यांसह मिळाली. या सिद्धांतातील 'युक्ती' या शब्दात मात्रा, शोधन, परीक्षण व देखरेख हे सर्व येते. हरताल व मनःशिलायुक्त कल्प ई-१ परिशिष्टात समाविष्ट असून ते वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे, तीही याच भावनेने.

भूमिपरीक्षा आज

सुश्रुताचार्यांनी द्रव्यसंग्रहासाठी भूमीची परीक्षा सांगितली आहे. वारुळे, स्मशान, वधस्थान अशा भूमीतील वनस्पती घेऊ नये, असा त्यांचा आदेश आहे. हा अध्याय आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि मालाच्या खरेदीत विसरलो. त्या यादीत आज महामार्गाची कड, भंगाराचे आवार, विद्युत-विलेपनाच्या कारखान्यामागील नाला आणि जुन्या बॅटऱ्या फोडण्याची जागा यांची भर घालावी लागेल. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. परंतु रस्त्याकडेच्या मातीत उतरलेले शिसे वर्षांनुवर्षे तेथेच राहते. अडुळसा, पुनर्नवा, भृंगराज, भुईआवळी या आपल्या नित्योपयोगी वनस्पती अशाच जागी विपुल उगवतात, आणि सहज मिळतात म्हणून उपटल्या जातात.

आमच्या चुकीनंतर आम्ही आमच्या निर्माणशाळेत पुढील क्रम ठरविला आहे. लहान व्यावसायिकासही तो अशक्य नाही.

१. प्रत्येक पोत्यासोबत संग्रहाचे गाव, जागेचे वर्णन व महिना लेखी घेणे. जो पुरवठादार हे देत नाही, त्याचा माल न घेणे.

२. वनस्पतीची ओळख संशयास्पद असल्यास पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेसारख्या अधिकृत ठिकाणाहून निश्चित करून घेणे.

३. वनस्पती धुऊन वाळविणे. धुतल्याने पृष्ठभागावरील धूळ व तिच्यातील शिसे जाते. मुळांवाटे आत शिरलेले जात नाही, याचे भान ठेवणे.

४. प्रत्येक नव्या स्रोताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चारही धातूंसाठी तपासणे. खर्च जड वाटल्यास तीन-चार व्यावसायिकांनी मिळून एकाच गावाहून माल घ्यावा व एक तपासणी करावी.

५. अहवाल येईपर्यंत पोते स्वतंत्र खोलीत कुलपात ठेवणे. कितीही निकड असली तरी ते न दळणे.

सन २००० मध्ये आलेल्या 'टी' परिशिष्टाने यांतील बराच भाग आपणांस केव्हाच सांगितला आहे. तो तपासनीस येण्याच्या दिवसापुरता आहे, असे मानण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे.

उपसंहार

एडिंबराच्या विद्यार्थ्यांचा जिवाणू अद्याप आपल्या निर्माणशाळेत आलेला नाही, आणि आला तरी तो प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी प्राथमिक पाहणीत निवडून काढणे, हे त्याचे योग्य क्षेत्र. क्वाथ-चूर्णांसाठी असे साधन घडवायचे, तर कोणते द्रव्य जिवाणुनाशक, कोणते अम्ल, कोणत्या क्वाथाचा वर्ण गडद, हे द्रव्यगुणाचे ज्ञान लागेल. ते वैद्यांजवळ आहे. आपल्या परिसरातील जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी विषय शोधत असतात. आपल्या मंडळाने त्यांना बोलवावे, आपली अडचण मांडावी आणि नमुने पुरवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

पदवीही न मिळालेल्या काही मुलांनी दूरच्या खेड्यातील पाण्याविषयी "यात विष आहे काय?" असे विचारले व उत्तरासाठी एक जीव नव्याने जुळविला. आपल्या हातून औषध घेणारा रुग्ण तर आपल्यासमोरच बसलेला असतो. त्याच्या वतीने हाच प्रश्न प्रत्येक पोत्याला विचारणे हे आपले कर्तव्य आहे. त्या तपासनीस गृहस्थांना आम्ही आता चूर्णाच्या पुडीसोबत तपासणी अहवालाची प्रतही देतो. ते ती आधी वाचतात आणि मगच पुडी खिशात ठेवतात.